मिठाचा शेक

आजवर कोणालाही न सांगितलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा इकडचं तिकडचं बोलत राहीन. माझ्या थोरल्या भावाला हाडांत पसरलेला कॅन्सर निघाला, तेव्हा मला त्याचा हेवा वाटला. दुःख झालं, तेही खरंच झालं. पण दुःखाच्या खाली हेवा होता, आणि तोच जास्त टिकला. त्या हेव्यापोटी मी आमच्या मायशी एक खोटं बोललो, दादाच्या औषधाबद्दल. दादा गेला. माय माझ्याच घरात आहे, आणि ते खोटं ती आजही खरं धरून बसली आहे.

मी बदनापूरच्या शाळेत गणित शिकवतो. राहायला जालन्यात, जाणंयेणं रेल्वेनं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सकाळी गाडी पुरती थांबायच्या आत उतरलो, फलाटाच्या कडेला पाय पडला आणि कमरेवर आपटलो. आजूबाजूचे हसले, मीही हसलो. मणक्यातली गादी सरकली होती. ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं असं डॉक्टर म्हणाले, नंतर काढलेला एमआरआयही चांगला आला. फक्त दुखणं गेलं नाही. कमरेतून निघून डाव्या मांडीच्या मागून टाचेपर्यंत कोणीतरी तापलेली तार सावकाश ओढतंय, असं ते होतं आणि आहे.

माझं दुखणं कोणाला दिसत नाही, ही त्यातली मोठी अडचण. प्लास्टर नाही, काठी नाही, अंगावरचं मांस उतरलेलं नाही. परीक्षेच्या वेळी वर्गात बसायला खुर्ची मागितली की शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी म्हणायचं, "सर, तुम्ही तर ठणठणीत दिसता. काय खाता ते आम्हालाही सांगा." मी हसायचो. बोलायची सवयच नव्हती. दादा तर तोंडावर बोलायचा. तो गावाकडं शेती बघायचा, अंतरवाली सराटीच्या अलीकडं आमचं गाव. कपाशी, सोयाबीन, थोडी मोसंबी. जालन्याला काम निघालं की घरी यायचा आणि मी पलंगावर दिसलो की दारातूनच ओरडायचा, "मास्तर, तुझी कंबर सरकारी हाय बघ. रजा लागली की दुखती, रजा संपली की बरी व्हती!" घरातले सगळे हसायचे. मायसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची.

डॉक्टरांनी ट्रामाडॉल सुरू केलं होतं. सुरुवातीला त्या गोळीनं मी माणसात आलो. नंतर गोळ्या वाढत गेल्या. मस्तगडातला मेडिकलवाला चिठ्ठी बघून माझ्याकडं बघायचा. एकदा त्यानं आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, सांगितलं, "सर, जास्त दिवस नका चालवू. याची सवय लागती." शेजारी माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील खोकल्याचं औषध घ्यायला उभे होते. त्यानंतर मी दुकान बदललं. मग तेही बदललं.

पण त्या वर्षांत मला एक गोष्ट मिळाली होती. मायचा शेक.

मायचं माहेर मेंढरांचं. लहानपणी तिच्या बापाबरोबर रानोमाळ हिंडताना कोकराचा पाय मुरगळला तर शेकायचं काम तिचं असायचं. त्याच हातानं ती मला शेकायची. मी शाळेतून आलो की तव्यावर खडेमीठ टाकायची. मीठ तडतडायला लागलं की घरभर ऐकू यायचं. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात त्याची पुरचुंडी बांधायची, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची, मग मानेपासून सुरू करून पार खाली कमरेपर्यंत यायची. "लागतंय का?" "न्हाई." "आता?" "न्हाई." मीठ थंड होईपर्यंत बोलत राहायची. कोणाची म्हैस व्याली, कोण कोणाशी भांडलं, तिच्या बापाची कुत्री कशी होती. मी पालथा पडून ऐकायचो.

शेकानं माझं दुखणं किती कमी व्हायचं, हे आजही सांगता येणार नाही. पण आमच्या घरात माय कायम दादाची होती. तो थोरला, तो तिच्यासारखा बोलका, तो तिच्याबरोबर रानात असायचा. मी पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसणारा. वडील गेल्यावर ती जालन्याला माझ्याकडं राहायला आली तरी तिचं मन गावाकडं, दादाच्या जेवणाखाणाकडं. त्याची बायको लवकर गेली, पोरं पुण्याला. माझ्या दुखण्यामुळं, वयाच्या पंचेचाळिशीनंतर, मला पहिल्यांदा माझी माय मिळाली. दिवसातून एकदा, मीठ गरम असेपर्यंत. लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

मग गोळ्या उपयोगाच्या राहिल्या नाहीत. पोट साफ होईना, वर्गात फळ्यापुढं उभ्या उभ्या डोळे मिटायचे, आणि दुखणं मात्र गोळीला ओळखीनासं झालं. संभाजीनगरला फक्त दुखण्यावरच उपचार करणाऱ्या एक डॉक्टरीण बाई आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. इतकं ऐकून घेणारं कोणी भेटलं की उलट मलाच बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या शरीराला या गोळीची सवय झालीय. याला नशा म्हणत नाहीत, घाबरू नका. पण आता औषध बदलू." त्यांनी चिकटवायची पट्टी दिली. आठवड्याला एक. पट्टीतलं औषध कातडीतून सावकाश रक्तात उतरतं, तोवर गोळ्या हळूहळू कमी करायच्या.

सांगायला सोपं. जुनं औषध अंगातून निघत होतं आणि नवं अजून पुरतं आलं नव्हतं, ते मधले दिवस कोणाच्या वाट्याला येऊ नयेत असं मी म्हणेन. भर उन्हाळ्यात अंगावर काटा. जांभयांवर जांभया. नाक गळतंय. पाय एका जागी ठेवता येईनात, जणू त्यांना कुठंतरी जायचंच होतं. डोळ्यांतून पाणी यायचं. ते रडणं नव्हतं, पण थोडं होतंही. बायको म्हणायची, "होईल, होईल कमी," आणि माझ्याकडं न बघता कपडे घड्या घालत बसायची. तिलाही भीती वाटली असणार. नंतर एका दुपारी मी जेवायला मांडी घालून बसलो आणि निम्मं जेवण झाल्यावर लक्षात आलं की मांडी घालून बसलोय. औषध लागू पडलं होतं. दुखणं गेलं नव्हतं, पण शेजारच्या खोलीत जाऊन बसल्यासारखं झालं होतं.

याच्या बदल्यात शेक गेला. पट्टी चिकटवायची पाठीवर, खांद्याच्या खाली, बायकोच्या हातून. डॉक्टरीण बाईंनी बजावून सांगितलं होतं, पट्टीला उष्णता लागली तर औषध एकदम जास्त उतरतं, गुंगी येते, श्वास मंदावतो. "पट्टी आणि शेक एका पाठीवर नकोच. घरात कोणी ना कोणी विसरतं. शेक बंद करा." मी घरी येऊन मायला सांगितलं. ती तवा घेऊनच उभी होती.

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल न्हाई, माय."

"मंग मी काय करू?" ती म्हणाली.

काही दिवस ती त्या वेळेला नुसतीच येऊन माझ्या पलंगावर बसायची. हात मांडीवर. पण हाताला काम नसलं की तिचं बोलणंही आटतं. पुढं ती यायची थांबली. मी पहिल्यापेक्षा बरा होतो, रेल्वेत उभा राहू शकत होतो, आणि जुन्या गोळ्यांची आठवण काढत होतो. दुखत होतं तेव्हा बरं होतं, असं मनात म्हणणारा माणूस कोणत्या दर्जाचा असतो, मला माहीत नाही.

अशातच दादाचा खुबा दुखायला लागला. पहिल्यांदा त्यानं बैलानं मारलं असं सांगितलं, मग वात आहे म्हणाला. तपासण्या झाल्या तेव्हा रोग मांडीच्या आणि कमरेच्या हाडांत पोचला होता. दवाखाना संभाजीनगरला, गावाहून जाणंयेणं जमेना, म्हणून तो माझ्या घरी राहायला आला. पोरं पुण्याहून येऊन जाऊन होती.

आणि घराला जत्रेचं रूप आलं. गावचे लोक, सोयरे, त्याच्या बाजारातल्या ओळखीचे, सगळे बघायला येऊ लागले. केळी, मोसंबी, बिस्किटाचे पुडे. माझ्याच बैठकीत, मी बसतो त्याच खुर्चीत बसून लोक त्याच्याकडं बघत हळहळायचे आणि मला सांगायचे, "सर, जरा च्याचं बघा." आमच्या शाळेचे मुख्याध्यापक आले. इतक्या वर्षांत माझ्या दुखण्याची विचारपूस करायला ते एकदाही घरी आले नव्हते. दादाशी त्यांची तोंडओळखही नव्हती. त्यांनी दादाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "किती सहन करताय हो तुम्ही." मी ट्रे घेऊन दारात उभा होतो, आणि माझ्या डाव्या पायातून ती तार सरकत होती.

त्याच्या दुखण्याला नाव होतं. रिपोर्ट होता. मेडिकलवाला त्याच्या चिठ्ठीवर डोळे वर करत नव्हता, "घ्या, काही लागलं तर फोन करा" म्हणत होता. वर दादाचे विनोद कमी झाले नव्हते. कोणी रडायला लागलं की म्हणायचा, "आत्ताच कामून रडता? दहाव्याला काय करताल मंग?" लोक रडता रडता हसायचे. मी कधी माझ्या दुखण्यावर कोणाला हसवलं नव्हतं.

हे सगळं मी गिळलं असतं. एका संध्याकाळी शाळेतून आलो, दारात चपला काढत होतो, आणि स्वयंपाकघरातून मीठ तडतडल्याचा आवाज आला. क्षणभर, खरंच सांगतो, मला वाटलं ते माझ्यासाठी आहे. मी आत गेलो. माय पुरचुंडी घेऊन माझ्यासमोरून दादाच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं. "लागतंय का?" "न्हाई." "आता?" "अगं, मला काय मेंढरू समजली का तू? जरा गरम राहू दे की." ती हसली. मग तिच्या बापाच्या कुत्रीची गोष्ट सुरू झाली.

मी हातपाय न धुता बाहेर जाऊन चौकात चहा पिऊन आलो.

दादाची गोळी ट्रामाडॉलच होती, म्हणजे माझीच जुनी. ती त्याला लवकरच पुरेना. मी त्याला घेऊन संभाजीनगरला गेलो. त्याच डॉक्टरीण बाई. त्यांनी त्याचं औषध बदललं, मॉर्फिनच्या गोळ्या लिहिल्या. ठरल्या वेळेला एक, मध्येच कळ उठली तर वेगळी. दादाला तपासणीच्या टेबलावरून कपडे सावरून यायला वेळ लागत होता, तेवढ्यात त्यांनी मला सांगितलं, सुरुवातीचे काही दिवस हे फार झोपतील, घाबरू नका, शरीराला सवय झाली की गुंगी उतरते. मीच मग विचारलं, "माय त्याला मिठानं शेकते. चालेल का?"

"गोळ्यांना शेकाचं काही नाही," त्या म्हणाल्या. "कातडी भाजू देऊ नका म्हणजे झालं. उलट आईचा हात लागतोय, चांगलंच आहे. तुमचं वेगळं, तुम्हाला पट्टी आहे."

हे त्यांनी मला सांगितलं. फक्त मला.

परत येताना गाडीत दादा म्हणाला, "मास्तर, मला तुझ्या वरच्या वर्गात टाकलं बघ." बदनापूर मागं गेल्यावर तो पुन्हा बोलला, आणि या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "तुझं खरंच असं दुखत व्हतं का रे? आम्ही खेळ समजून राह्यलो. लय चुकलं बाबा आमचं." इतकी वर्षं हे एक वाक्य कोणीतरी म्हणावं म्हणून मी वाट पाहिली होती. ते आलं तर मला राग आला. वाटलं, हेही यानंच म्हणायचं. मोठेपणाही याच्याच वाट्याला.

मॉर्फिन सुरू झालं आणि बाईंनी सांगितलं होतं तसा दादा झोपायला लागला. घास तोंडात असताना झोपायचा. माय घाबरली. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तेव्हा ती तव्यावर मीठ हलवत होती.

"बाबा, हा असा कामून पडून राह्यला रे? हाक मारली तरी डोळं उघडंना."

मी पाणी प्यालो. पेला खाली ठेवला. म्हणालो, "माय, तुझ्या शेकामुळं."

तिनं मीठ हलवायचं थांबवलं.

"गरम लागलं की औषध अंगात जास्त उतरतं. माझ्या पट्टीच्या वेळी न्हाई का सांगितलं? त्याचंबी तसंच हाय. डॉक्टर म्हणाल्या शेक बंद करा."

"म्हंजी मीच त्याला..."

"तसं न्हाई गं. तुला काय म्हाईत व्हतं? पण आता नको."

माझा आवाज फार मऊ होता, ते मला आठवतं. तिनं गॅस बंद केला. मीठ तव्यावरच तडतडत राहिलं, मग शांत झालं. गार झाल्यावर तिनं ते मोरीत ओतून टाकलं. माय मीठ कधी टाकून देत नाही. बायकोनं संध्याकाळी मला विचारलं, "खरंच म्हणाल्या का बाई असं?" मी म्हणालो, "मंग मी काय मनाचं सांगतो का?" ती परत कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

पुढचं जे झालं ते मी ठरवून करू शकलो नसतो. शेक बंद झाला आणि चार-सहा दिवसांत दादाची गुंगी उतरली. ती उतरणारच होती, औषध अंगी लागलं होतं. पण मायच्या दृष्टीनं पुरावा समोर उठून बसला होता आणि चहा मागत होता. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली, "माझ्याच शेकानं गुंगत व्हता. मास्तरानं बराबर वेळेला सांगितलं म्हणून वाचला, न्हाईतर माझ्या हातानंच गेला असता." लोक माझ्याकडं बघून मान डोलवायचे. "शिकलेलं माणूस घरात पाहिजे," म्हणायचे. इतक्या दिवसांत बैठकीत माझं कौतुक झालं ते हे. आणि मला ते आवडलं. ज्या दिवशी मीठ मोरीत गेलं त्या दिवशी माझी पाठ थोडी हलकी वाटली होती, हेही इथं लिहून ठेवतो.

माय मात्र माझ्याकडं परत आली नाही. ती कोणाकडंच गेली नाही. दादाच्या पलंगापासून हातभर लांब खाली बसायची, लुगड्याचा तो तुकडा हातात घेऊन घडी करायची, मोडायची. दादाचं दुखणं गोळीनं पुष्कळ आटोक्यात होतं, पण गोळीचा असर उतरत आला आणि पुढची अजून लागली नाही त्या मधल्या वेळेत खुब्यात कळ यायची. त्या वेळेला पूर्वी शेक असायचा. आता तो स्वतःचा तळवा तिथं दाबून पडून राहायचा.

एका दुपारी माय शेजारी गेली होती. त्यानं मला हाक मारली.

"मास्तर, बस जरा. एक इचारतो. थोडासा शेक घेतला तर काय व्हतं रे? असंबी मरायचंच हाय."

"श्वास मंदावतो, दादा. एकदम."

"पर कळ थांबायची रे त्यानं. गोळीच्या मधी जरा बरं वाटायचं." त्यानं मान माझ्याकडं वळवली. "तू बराबर सांगून राह्यला ना?"

"हो."

"मंग ठीक हाय. तुला म्हाईत त्यातलं. तू तर हे सगळं भोगलंय."

असं म्हणून त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या वेळी घरात फक्त आम्ही दोघं. स्वयंपाकघरात तवा होता, मीठ होतं. मी स्वतः उठून त्याला शेकू शकलो असतो, मायला कळायचीही गरज नव्हती. मी म्हणालो, "कळेची जादा गोळी देऊ का?" त्यानं ती घेतली. ती लागू पडायला बराच वेळ जातो, हे मला माझ्या अंगावरून माहीत होतं.

त्यानंतर सांगावंसं वाटलं नाही असं नाही. रोज वाटायचं. आज पाहुणे आहेत, आज त्याला बरं वाटतंय, आज माय थकलीय. आणि खरं कारण असं की सांगितलं असतं तर पुन्हा मीठ तडतडलं असतं, आणि ते मला ऐकवलं नसतं.

तो सकाळी गेला. पोरं पुण्याहून निघाली होती, वाटेत होती. श्वास लांब लांब पडत होता. मी एका बाजूला, माय दुसऱ्या बाजूला. तिनं हात पुढं केला आणि त्याच्या खुब्याच्या वर हवेतच थांबवला. मला विचारलं, "माझा हात गरम हाय रे. लावू का नको?"

मी म्हणालो, "लाव की, माय."

तिनं लावला. मग त्याचा श्वास अडकल्यासारखा झाला आणि तिनं चटका बसल्यासारखा काढून घेतला. परत लावला नाही. थोड्या वेळानं तो गेला.

याला आता दोन वर्षं होत आली. माय कोणापाशी फार बोलत नाही. पण एकदा माहेरहून आलेल्या तिच्या भाचीला सांगताना ऐकलं, "आधीच मी त्याला लय शेकलं व्हतं गं. ते अंगात राह्यलंच असणार." मी पुढं होऊन म्हणालो, "माय, तसं काही नसतं." ती म्हणाली, "तूच सांगितलं व्हतं ना." त्यात टोमणा नव्हता. मी सांगितलं होतं, एवढंच ती सांगत होती.

मध्यंतरी माझ्या पाठीवर पट्टीच्या जागी पुरळ यायला लागलं. जागा बदलून बघितली, तरी खाज आणि फोड. डॉक्टरीण बाईंनी पट्टी काढून पुन्हा गोळ्यांवर आणलं, या वेळी वेगळी गोळी. पुन्हा ते मधले दिवस, जांभया आणि काटा, पण पहिल्याइतके वाईट नाहीत. निघताना त्या म्हणाल्या, "पट्टी नाही, आता शेक घ्यायला हरकत नाही." त्यांना काही आठवत नव्हतं. आठवायचं कारणही नव्हतं.

मी घरी आलो ते जवळजवळ आनंदात. इतकं होऊनही माझ्यातला तो हावरा शिल्लकच होता. मायला म्हणालो, "माय, पट्टी गेली. आता गोळ्या हायेत. आता शेक चालतो."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "न्हाई रे बाबा."

"अगं, डॉक्टरनं सांगितलंय. गोळ्यांना चालतं."

तिनं हात थांबवला. "त्यो बी गोळ्याच खात व्हता की."

मी मान खाली घातली. ती बराच वेळ माझ्याकडं बघत होती, तिला वाटलं असेल मला दादाची आठवण झाली. मग म्हणाली, "एकाला शेकलं ते बस झालं. तू बिनशेकाचाच बरा राह्य." आणि परत तांदळात बोटं घातली.

त्या क्षणी सांगायला पाहिजे होतं. माझ्या तोंडून निघालेलं "गोळ्यांना चालतं" हे वाक्यच अर्धं सत्य होतं, उरलेलं अर्धं तेवढं सांगायचं राहिलं. मी उठून गॅलरीत गेलो. आता दादा नाही, हेवा करायला कोणी उरलेलं नाही, तरी मी बोलत नाही, म्हणजे मी हेव्यापेक्षाही कशाला तरी घाबरतो. मास्तरानं बराबर वेळेला सांगितलं, असं म्हणणारी ती एकटीच माझ्यावर अजून खूश आहे. तेही गमवावं लागेल.

मायला लिहिता-वाचता येत नाही. हे लिहायला मला जमलं ते त्यामुळंच, हेही कबूल करतो. जे वाचतील त्यांच्याकडून मला काही नको.

दादाचं देणं आता फेडता येणार नाही. मायचं येतं. दादाला तिच्या हातानं काहीही झालं नव्हतं, शेक चालेल असं डॉक्टर मला स्पष्ट म्हणाल्या होत्या, आणि मी तिच्याशी खोटं बोललो. एवढं तिच्यासमोर बसून, ती जिवंत आहे तोवर, मी तिला सांगायचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.